काट्यानं काटा

चाळीस डॉलरला मागवल्या होत्या पांढऱ्या तबकड्या,
रात्री निळ्या उजळणाऱ्या.
खोक्यावर लिहिलं होतं, अर्ध्या तासाचं काम.
मी शनिवारी दुपारी सुरू केलं
आणि आज बुधवार.

थंडर बे, नोव्हेंबर.
गॅरेजच्या दाराखालून सरोवरावरचं वारं आत येतंय
आणि माझी जुनी सिव्हिक
जागच्या जागी उभी राहून
ताशी तीस किलोमीटरनं धावतेय.
निदान काटा तरी तसं म्हणतो.

काटे उपसायला हत्यार नव्हतं.
स्वयंपाकघरातला, जेवायचा काटा आणला,
दातांना फडकं गुंडाळलं
आणि अक्षरशः काट्यानं काटा काढला.
असे चार. वेगाचा, फेऱ्यांचा, पेट्रोलचा, इंजिनाच्या तापाचा.
कुठला कुठं थांबला होता
त्याची आधी खूण करून ठेवायची असते,
हे चारही बशीत पडल्यावर कळलं.

उऱ्होमामाला मी काही सांगितलं नव्हतं.
त्यानं चावी फिरवली. पाहिलं.
बंद केली. पुन्हा फिरवली.
चौतीस वर्षं कागदाच्या गिरणीत
वाफेचे दाब दाखवणाऱ्या तबकड्या जुळवल्या त्यानं;
आता कॉफीचा कपही दोन हातांनी धरतो.
"साइमी," म्हणाला, "तू खिळ्याच्या वर शून्य धरलंस.
काटा टेकतो तो खिळा.
शून्य त्याच्या खाली असतं."

मग तो सांगत गेला, मी करत गेले.
तीन हजार फेऱ्यांवर अडकणारा काटा
नव्या जाड तबकडीला घासत होता.
"केसभर वर घे. केसभर म्हटलं, बोटभर नाही."
निळा दिवा लुकलुकत होता, त्याची अर्थिंगची तार
मी रंगावरच आवळली होती.
रंग खरवडला. दिवा शहाण्यासारखा उजळला.

वेग तपासायला हायवेवर गेलो.
फोन काढला तर मामा खिशातलं स्टॉपवॉच दाखवून हसला.
ट्रकच्या वजनकाट्यापासून चर्चच्या वळणापर्यंत
तीन किलोमीटर, त्याच्या हिशेबानं.
साठवर धर. तीन मिनिटं व्हायला हवीत.
तीन मिनिटं चार सेकंद झाली.
"चार सेकंद वाऱ्याची," तो म्हणाला.
गिरणीत हे कधी चाललं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

राहिलं पेट्रोल.
या गाडीत चावी काढली तरी तो काटा खाली पडत नाही,
असेल तिथंच राहतो, माझ्या आजोबांसारखा.
त्याचं शून्य कुठं, हे एकच जण सांगू शकतो,
रिकामी टाकी.

म्हणून डिकीत पाच लिटरचा लाल डबा ठेवून
आम्ही बंद पडायला निघालो.
काटा अर्ध्यावर. बाहेर स्प्रूसची झाडं,
रस्त्यावर मिठाचे पांढरे पट्टे.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मी मुद्दाम
कशाच्या तरी तळाशी चालले होते.
मामानं गिरणी बंद झाल्याची गोष्ट सांगितली,
अर्धीच.
इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

"आता. चावी चालू ठेव आणि बसव."

पुढची काच मी आधीच काढून ठेवली होती.
काटा चिमटीत, बोटं गारठलेली.
मामानं बॅटरी धरली
आणि प्रकाश थरथरायला लागला.
काटा हलतोय की उजेड, कळेना.
मी काही बोलले नाही. तोही नाही.
मग बॅटरी त्याच्या हातून घेतली,
दातांत धरली,
आणि रिकाम्याच्या रेघेवर काटा दाबला.
केसभर वर ठेवून.

डबा ओतला. काटा उठला,
एका बारीक रेघेपर्यंत येऊन थांबला.
"पाच लिटर," मामा म्हणाला,
जणू ते पेट्रोल त्यानंच मोजून जमिनीतून काढलं होतं.

तापाचा काटा अजून आडवाच पडलाय.
राहू दे म्हणतो,
तापली की बॉनेटमधून वाफ येईल,
वाफ मला कळते.